शांततेचा अर्ज

आमच्या घरात तीन मिनिटं शांतता मिळवायला मला सतरा दिवस, एक अर्ज, त्या अर्जाची सुधारित प्रत आणि कमिटीची एक बैठक लागली, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. ज्यांनी आपल्या हातानं घरात पाच स्पीकर आणि एक रिसीव्हर जोडलेला नाही, त्यांना हसायचा पूर्ण अधिकार आहे. मी स्वतः त्या सतरा दिवसांपूर्वी त्यांच्यातलाच एक होतो.

सुरुवात बाबांच्या कानांपासून झाली. बाबा चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायचे, आणि त्याला सर्दी झालीय का तेही सांगायचे. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना टीव्हीवरचं बोलणं कळेनासं झालं. भांडी पडली तर ऐकू येतं, दार वाजलं तर ऐकू येतं, शब्द तेवढे निसटतात. रविवारी दुपारी सगळ्यांना हाका मारून जुने विनोदी चित्रपट दाखवणारा हा माणूस, हल्ली टीव्ही लागला की पेपर उचलून आतल्या खोलीत जाऊ लागला. "मला त्यात गोडी नाही राहिली रे," म्हणायचे. एकदा मी हळूच डोकावून पाहिलं. पेपर मांडीवर घडी करून ठेवलेला होता आणि बाबा भिंतीकडे बघत बसले होते. मला फार वाईट वाटलं.

कानात घालायचं यंत्र त्यांनी "ते म्हाताऱ्या माणसांसाठी असतं" असं सांगून डॉक्टरांना परत केलं होतं. शेवटी डॉक्टरच मला बाजूला घेऊन म्हणाले, "निदान बोलणं त्यांच्या समोरून आणि स्वच्छ येईल असं काहीतरी करा. हल्लीच्या टीव्हीचे स्पीकर मागे असतात. तो टीव्ही तुमच्याशी नाही, भिंतीशी बोलतो."

हे मी साडूंना सांगण्याची चूक केली. आमचे साडू हे जगातल्या सर्व विषयांवरचे शेवटचे शब्द आहेत. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून होम थिएटर आहे आणि त्यांच्याकडे जेवायला जाणं म्हणजे आधी अर्धा तास हेलिकॉप्टर ऐकणं. ते कधी डाव्या कानातून येतं, कधी उजव्या. जेवण त्यानंतर.

"साडूभाऊ, तुम्हाला सेंटर स्पीकर पाहिजे," ते म्हणाले. "बोलणं सगळं त्यातून येतं. पण त्याच्यासाठी रिसीव्हर लागतो, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र. आणि रिसीव्हर निवडणं म्हणजे तुमच्या ऑफिसातला पंखा निवडणं नव्हे."

हा टोमणा मला लागला. मी पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज-स्वीकृतीच्या खिडकीवर बसतो. छत्तीस पंख्यांच्या निवडीचा तुलनात्मक तक्ता मी एकट्यानं केला होता आणि त्यात एकही त्रुटी निघाली नव्हती. तेव्हा मी त्याच पद्धतीनं निघालो. आडव्या ओळींत सहा रिसीव्हर, उभ्या रकान्यांत गुणधर्म. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की अकरापैकी नऊ गुणधर्मांचा अर्थ मला कळत नाही आणि उरलेले दोन म्हणजे रंग आणि वजन. रंग सगळ्यांचा काळा होता.

दुकानातल्या विक्रेत्यानं तक्ता आदरानं पाहिला आणि बाजूला ठेवला. "किती चॅनल हवेत? पाच पॉइंट एक, सात पॉइंट दोन, नऊ पॉइंट दोन पॉइंट चार?"

मी म्हणालो, "पॉइंटच्या आधीचं कळलं."

तो चांगला माणूस होता. त्यानं समजावलं की पॉइंटच्या आधीचे स्पीकर आणि पॉइंटनंतरचा म्हणजे घुमणारा मोठा डबा. नऊवाल्यात चार स्पीकर छताला लागतात. छताला काही लावायचं तर आमच्या सोसायटीत तीन ठिकाणी सह्या लागतात, म्हणून मी पाच पॉइंट एकवर आलो. "माझ्या वडिलांना बोलणं ऐकू आलं पाहिजे," मी म्हणालो, "बाकी हेलिकॉप्टर नाही आलं तरी चालेल." त्यानं मान डोलावली आणि एका रिसीव्हरवर हात ठेवला. माझ्या तक्त्यात तो पाचव्या क्रमांकावर होता, पण त्या हात ठेवण्यात काहीतरी होतं. मी तोच घेतला.

घरी आणल्यावर बायकोनं खोक्याभोवती एक फेरी मारली. "अहो, एवढं मोठं? हा ठेवणार कुठे?"

"टीव्हीखाली."

"टीव्हीखाली माझी झाडं आहेत."

झाडं खिडकीत गेली, खिडकीतली पुस्तकं कपाटावर गेली, कपाटावरची बॅग पलंगाखाली गेली आणि पलंगाखालून जे निघालं त्यावर आमचं एक तास भांडण झालं. त्याचा या कथेशी संबंध नाही.

रिसीव्हरची पुढची बाजू फार सभ्य असते. दोन गोल बटणं आणि एक काच. खरा स्वभाव मागून कळतो. मागे मी मोजली तेव्हा अठ्ठेचाळीस छिद्रं होती, आणि पुन्हा मोजली तेव्हा एक्कावन्न. त्यात पाच स्पीकरच्या दहा तारा, एक घुमणाऱ्या डब्याची, एक टीव्हीची. मी ऑफिसातून लेबलं आणली, प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नाव लिहून चिकटवलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा बायकोनं सगळी लेबलं काढून ठेवली होती. नवीन वस्तूवरची चिठ्ठी दिसली की ती नखानं खरवडून काढायची, ही तिच्या माहेरची शिस्त आहे. तिनं डिंकाचे डागसुद्धा तेलाचा बोळा फिरवून पुसले होते.

"किती स्वच्छ निघाली बघा," ती म्हणाली. संसारात अशा जागा येतात.

मग मी अंदाजानं जोडलं. पहिले दोन दिवस आवाजच आला नाही, कारण टीव्हीची तार पाच सारख्या छिद्रांपैकी ज्या एकाच छिद्रात घालायची असते, ते सोडून बाकी चारांत मी घालून पाहिली. तिसऱ्या दिवशी आवाज आला. मी आनंदानं बाबांना बाहेर बोलावून त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि बातम्या लावल्या. निवेदिकेचे ओठ समोर हलले आणि तिचा आवाज स्वयंपाकघराच्या दारावरच्या मागच्या स्पीकरमधून आला.

बाबा मागे वळले. "कोण आलंय गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"कोणी नाही बाबा, टीव्ही आहे."

"टीव्ही समोर आहे," बाबा म्हणाले. मग माझ्या खांद्यावर थोपटून, जणू मीच आजारी आहे अशा सुरात म्हणाले, "राहू दे रे. उगाच त्रास करून घेऊ नकोस माझ्यासाठी." आणि पेपर घेऊन आत गेले.

त्या थोपटण्यानं माझा निश्चय पक्का झाला. आता माघार नाही. मी साडूंना फोन केला. ते आधी पोटभर हसले, मग त्यांनी मागचं-पुढचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "तारा बदलल्या तरी बोलणं पुसटच येईल. रिसीव्हरला खोली मोजायला लावा. रिसीव्हरच्या खोक्यात एक छोटा मायक्रोफोन असेल. तो ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीनं आवाज करतो आणि यंत्र त्यावरून सगळं जुळवून घेतं. फक्त तीन मिनिटं पूर्ण शांतता पाहिजे. खुर्चीत कोणी बसायचं नाही."

"तुम्ही केलं होतं का?"

"मला गरज नाही पडली," साडू म्हणाले, आणि त्यांनी फोन जरा घाईनं ठेवला.

बाबांच्या खुर्चीत मी पाट ठेवला, पाटावर दोन डबे, डब्यांवर उशी आणि उशीवर मायक्रोफोन. बाबांच्या कानाची उंची पट्टीनं मोजून घेतली होती. बटण दाबलं. डाव्या स्पीकरमधून 'हूऽऽश' असा आवाज निघाला आणि लगेच पडद्यावर अक्षरं आली : आवाज फार आहे, पुन्हा प्रयत्न करा.

पंखा बंद केला. पुन्हा प्रयत्न. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंचं मोटरचं मशीन सुरू झालं. आवाज फार आहे. काकूंना जाऊन विनंती केली. परत येतो तो खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिन्यात कुणाला तरी व्याख्यान देत होते. आवाज फार आहे. मग शेजारचा नळ, मग दारावरची घंटा, मग पाण्याची मोटर, मग बायकोची शिंक. सात प्रयत्न झाले. आयुष्यभर मी स्वतःला शांत घरातला माणूस समजत आलो होतो, आणि एका यंत्रानं सात वेळा लेखी कळवलं की तसं नाही. मला नाही म्हटलं तरी ते झोंबलं.

काकूंनीच उपाय सुचवला. "एकेकाला किती सांगत फिरणार? सेक्रेटरींना सांगा. ते सूचना लावतील."

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सगळे नमुनेसाहेब म्हणतात. त्यांच्या ऑफिसात प्रत्येक प्रसंगासाठी छापील नमुना आहे आणि नमुना नसलेला प्रसंग ते घडू देत नाहीत. मी अर्ज दिला. त्यांनी चष्मा वर केला.

"आवाज करण्याच्या परवानगीचा नमुना आहे माझ्याकडे. खोदकामाचा आहे. आवाज न करण्याचा नाही."

"मग हाच चालवून घ्या."

"आणि डावीकडे समास सोडलेला नाही तुम्ही," ते म्हणाले आणि अर्ज परत केला.

पंचवीस वर्षं मी खिडकीच्या आत बसून नेमक्या याच कारणासाठी अर्ज परत करत आलोय. बाहेरच्या बाजूनं ते कसं लागतं हे मला त्या दिवशी कळलं. समास सोडून सुधारित प्रत दिली. 'कारण' या रकान्यात मी खरं तेच लिहिलं : वडिलांसाठी.

कमिटीची बैठक झाली. एक सभासद म्हणाले, "आज यांना शांतता दिली तर उद्या सगळेच मागतील." दुसऱ्यांनी विचारलं, शांतता संपूर्ण इमारतीत की फक्त त्या जिन्यात. पाऊण तास बरीच आरडाओरड होऊन, रविवारी सकाळी ठीक अकरा वाजता तीन मिनिटांची शांतता मंजूर झाली. मी हात जोडले. नमुनेसाहेब म्हणाले, "सूचनेची काळजी करू नका. त्यातल्या त्यात जवळचा नमुना सापडलाय मला."

ती सूचना मी वाचली नाही. खरं म्हणजे वाचायला हवी होती, पण त्या दोन दिवसांत मी तारा पुन्हा जोडत टीव्हीमागे पालथा पडलेलो होतो, आणि फलक आहे तळमजल्यावर.

रविवार उजाडला. पावणेअकराला मी पंखे बंद केले, फ्रीज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून गादीत गुंडाळलं. बाबांना म्हणालो, "तुम्ही आंघोळ उरकून घ्या, पण पाणी हळू घ्या." बाबांना ते ऐकू गेलं नाही, पण ते गेले. दार उघडंच ठेवलं, म्हणजे कुणी आलं तर घंटा वाजवणार नाही. हा विचार आजही मला हुशारीचा वाटतो.

अकराला दोन मिनिटं असताना दारात हेडमास्तर आले. त्यांच्या मागे काकू, काकूंच्या मागे नमुनेसाहेब, आणि मग जिन्यावरून एकामागून एक निम्मी इमारत. मला कळेना की शांतता पाळायला माझ्या घरी का यायचं. पण विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आवाज झाला असता. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानं त्यांना भिंतीलगत उभं राहायला सांगितलं. ते चपला काढून, पाय न वाजवता आत आले. सगळ्यांनी एकदा बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे, तिच्यातल्या उशीकडे आणि उशीवरच्या त्या छोट्या काळ्या वस्तूकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. हेडमास्तरांनी माझा खांदा हलकेच दाबला. लोक माझ्या प्रकल्पात इतके मनापासून सामील झालेले पाहून माझे डोळे भरून आले. माझे भरलेले पाहून काकूंचे वाहू लागले.

मी बटण दाबलं.

'हूऽऽश,' डावा स्पीकर म्हणाला. कुणी हललं नाही. 'हूऽऽश,' मधला. 'हूऽऽश,' उजवा. मागच्या स्पीकरनं आवाज केला तेव्हा त्याच्याखाली उभे असलेले एक गृहस्थ दचकले, पण तोंडातून अक्षर नाही. मोठा डबा 'घूंऽऽम' असा घुमला तेव्हा कपाटाच्या काचा थरथरल्या आणि एका बाईंनी हात जोडले. अशी शांतता मी आमच्या इमारतीत बावीस वर्षांत ऐकली नव्हती. पडद्यावर अक्षरं आली : मोजणी पूर्ण झाली.

"जमलं!" मी ओरडलो. दोन्ही मुठी वर करून मी चक्क उडी मारली. "झालं एकदाचं! सुटलो!"

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. हेडमास्तर पुढे आले, त्यांनी मला मिठीत घेतलं आणि म्हणाले, "मोकळे व्हा. दुःख कसंही बाहेर पडतं. मनात ठेवू नका."

"कसलं दुःख?"

तेवढ्यात आतून बाबा आले. खांद्यावर टॉवेल, केस ओले, चेहरा प्रसन्न. एवढी माणसं पाहून ते थबकले. सगळ्यांच्या माना खाली गेलेल्या बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "काय रे, कोण गेलं?"

काकू किंचाळल्या. शांततेची वेळ संपली होती हे माझं नशीब.

उलगडा पुढच्या पाच मिनिटांत झाला. नमुनेसाहेबांकडे शांततेचा एकच नमुना होता, शोकसभेचा. त्यांनी त्यातला निधनाचा मजकूर प्रामाणिकपणे खोडला होता. पण काळी चौकट छापील असल्यामुळे ती राहिली, आणि तिच्या आत बाबांचं पूर्ण नाव, त्याखाली 'यांच्यासाठी सर्वांनी तीन मिनिटे शांतता पाळावी' ही ओळ.

"पण सूचना लावणाऱ्यालाच माहीत होतं ना की कुणी गेलेलं नाही?" माझी बायको नमुनेसाहेबांना म्हणाली. "तुम्ही कशाला आलात मान खाली घालून?"

"सूचना वाचल्यावर मलाही शंका आली," नमुनेसाहेब म्हणाले. "लेखी होतं ना."

बाबांना सगळं समजावून सांगायला मला ओरडावं लागलं. मला वाटलं, आता ते संतापणार. पण त्यांचं लक्ष हेडमास्तरांच्या हातातल्या कागदाकडे होतं. हेडमास्तर तो पाठीमागे लपवत होते.

"माझ्यावर लिहून आणलंय?" बाबांनी विचारलं. "आणा इकडे."

त्यांनी तो दोन पानांचा मजकूर उभ्या उभ्या वाचून काढला. एका ठिकाणी त्यांनी पेन मागून 'तेहतीस वर्षे'चं 'चौतीस वर्षे' केलं. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंय. जपून ठेवतो. लागेल."

यावर जो हशा झाला त्यात साडू आले. त्यांना कुणीतरी फोन करून कळवलं होतं आणि ते तोंड पाडूनच जिना चढले होते. बाबांना पाहून त्यांचा चेहरा सैल झाला, आणि मायक्रोफोन पाहून पुन्हा आवळला. "मोजणी झाली? एवढ्या लोकांत? अहो, माणसं आवाज शोषतात! हे सगळं चुकीचं. खोली रिकामी करून पुन्हा करावं लागेल."

पुन्हा! पुन्हा अर्ज, पुन्हा समास, पुन्हा बैठक. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीतली उशी, डबे आणि पाट उचलून बाजूला ठेवले, बाबांना हाताला धरून बसवलं आणि त्यांच्या आवडीचा जुना विनोदी चित्रपट लावला. मायक्रोफोन माझ्या मुठीतच राहिला होता.

बायकोनं तोवर चहा टाकला होता. गेलेला माणूस परत आल्याच्या आनंदात मंडळी मोकळी झाली होती. काकू आपण कशा रडलो ते सांगत होत्या, कुणी नमुनेसाहेबांची फिरकी घेत होतं, साडू हेडमास्तरांना सात पॉइंट दोन समजावत होते. पडद्यावर दोन माणसं एका बाकावर बसून हळू आवाजात काहीतरी कट करत होती. एवढ्या गलक्यात मला स्वतःला एक शब्द कळत नव्हता. मी फक्त बाबांकडे बघत होतो. ते पुढे झुकले. त्यांनी मान जरा तिरकी केली, मग सरळ केली. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले.

मग एकदम त्यांनी हात वर केला.

"अरे, जरा गप्प बसा की सगळे!" बाबा गरजले. "तो काय सांगतोय ते ऐकू द्या मला!"

खोलीत पुन्हा टाचणी पडेल तर ऐकू यावी अशी शांतता झाली. या वेळी अर्ज नव्हता, सूचना नव्हती. साडूंचा हात हवेतच राहिला. मी मात्र न राहवून म्हणालो, "बाबा, ऐकू येतंय?"

"येत होतं," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मध्ये बोललास."

मी तोंड मिटलं आणि त्यांच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसलो.